कोरोनाच्या काळाबद्दल पाड्यावरचे म्हातारे एक सांगतात, केळीपट्ट्यातले दुसरंच. पाहणीत विचारू तरी काय?

तापीकाठची (शिरपूर)

नमस्कार मंडळी. मी एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्याच्या) शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रबंधासाठी साठीच्या पुढच्या लोकांना भेटते आहे. कोरोनाच्या दोन वर्षांनी त्यांच्या मनावर आणि रोजच्या जगण्यावर काय परिणाम केला, आणि तो समाजागणिक वेगळा आहे का, असा विषय घेतलाय.

केळीपट्ट्यात, फैजपूर-सावद्याकडे, लेवा पाटीदार घरांत गेले. पक्की घरं, दारात गाडी, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. 'तो काळ कसा गेला' एवढं विचारलं की आजींचा पदर डोळ्यांना लागतो. नंतर आमच्याच तालुक्यात, सातपुड्यात, पावरा आदिवासींच्या पाड्यांवर गेले. तिथले आजोबा म्हणाले, "बरं होतं." बरेच जण असंच म्हणाले. मग धुळ्याला मोमीन, म्हणजे मुस्लिम विणकरांच्या, वस्तीत गेले. माझ्या प्रश्नावलीत 'तुम्हाला एकटं वाटायचं का' असा प्रश्न आहे. जवळपास सगळे 'नाही' म्हणाले, पण चेहरे तसं सांगत नव्हते.

सरांनी बाहेरचे अभ्यास वाचायला दिले. ब्रिटनमध्ये वयाचा फरक वजा करूनही पहिल्या लाटेत कृष्णवर्णीयांचे आणि दुसऱ्या लाटेत बांगलादेशी वंशाच्या लोकांचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त झाले. दाटीची घरं, एका छताखाली तीन पिढ्या, बस चालवणं किंवा दवाखान्यात काम करणं अशा घरी बसून न होणाऱ्या नोकऱ्या, अशी कारणं त्यात निघतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि तिथले मूळ रहिवासी यांना मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होता. त्याच देशात एप्रिल २०२० मधल्या एका पाहणीत मात्र वयस्कर लोक तरुणांपेक्षा मनानं शांत निघाले, आजाराचा धोका त्यांनाच जास्त असताना! आपल्याकडचा मोठा अभ्यास म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा 'लासी'. त्यात पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची माहिती आहे, पण पहिली फेरी २०१७-१८ची, म्हणजे कोरोनाच्या आधीची.

खान्देशात मला जो फरक दिसतोय तो जातीजमातीचा, की पैशाचा आणि घराचा? आणि एकच प्रश्नावली सगळीकडे चालेल का? ज्यांनी त्या काळात घरातले किंवा गावातले म्हातारे जवळून पाहिलेत त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_सिस्टर (यावल)

बेटा, मी यावल तालुक्यात आरोग्य सेविका होते. १५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताईंबरोबर दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरले. त्याआधीही फिरतच होते, नंतर लसीकरणातही. तेव्हा जे पाहिलं तेच सांगते.

लेवा घरांत पोरं लांब गेली म्हणून म्हातारे खचले, असं कोणी तुला सांगेल. पोरं तर वीस-वीस वर्षांपासून लांब आहेत. त्याची सवय झाली होती, कारण दिवस भरलेला होता. सकाळी शेताकडे चक्कर, मग केळीचा आज काय भाव निघाला त्याची पारावर चर्चा, दुपारी जरा आडवं होणं, संध्याकाळी देवळात हरिपाठ. मार्च २०२० मध्ये आठवडाभरात हे सगळं बंद. पंचवीस तारखेला गुढीपाडवा होता, दारोदार गुढ्या आणि गल्लीत माणूस नाही.

पाठोपाठ २६ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे आखाजी काय असते ते तुला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, पितरांची घागर भरली जाते. सत्तरीच्या बाईचं वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत चालतं. त्या वर्षी घागर भरली गेली आणि लेक आली नाही. पुढची आखाजी १४ मे २०२१ ला, ती ऐन दुसऱ्या लाटेत. सलग दोन वर्षं लेकीचा हात पाठीवरून फिरला नाही, आणि त्या बायांकडे वर्षं थोडीच उरलेली असतात ग.

पण सगळ्यात जड गेलं ते मयताचं. घरातलं माणूस गेलं की दारावर बसायला लोक येतात. दहा दिवस घर रिकामं नसतं. बाया घरातल्या बाईच्या गळ्यात पडून रडतात, तिला बळंच दोन घास भरवतात. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपण्याच्या विधीला, सगळा गोतावळा जमतो, डोक्यावरून हात फिरवून जातो. कोरोनात माणूस ॲम्ब्युलन्समध्ये बसला तो परस्पर स्मशानात. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण कोरोनाचं मयत म्हटल्यावर तेवढीही येत नसत. माझ्या भागातल्या एका आजींचे मालक जून २०२० मध्ये गेले. तेव्हा जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशभर गाजत होता. मुलगा पुण्यात अडकलेला. विधी पुतण्यानं केले आणि मुलानं ते मोबाईलवर पाहिले. त्या आजी मला पुढे कितीतरी दिवस एकच वाक्य म्हणायच्या, "माह्या दारावर कोनी आलं नही वं माय." जेवण तुटलं, झोप तुटली, बीपीच्या गोळ्या वाढवल्या तरी आकडा खाली येईना. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्यांना मीठ नव्हे, दारावर बसणारी माणसं हवी होती, आणि ती २०२२ मध्ये, गावातल्या दुसऱ्या एका मयताच्या निमित्तानं का होईना, आली. त्या दिवशी त्या आपल्या नवऱ्यासाठी रडल्या.

म्हणून सांगते, घरात कोरोनानं माणूस गेलं का, एवढं विचारून थांबू नकोस. गेल्यावर कोण आलं, ते विचार.

आता समाजागणिक माहिती भरायच्या तुझ्या तक्त्याबद्दल. आमच्या डोंगरपायथ्याला तडवी आहेत. भिल्ल आहेत, मुसलमान आहेत, सरकारदरबारी अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना कुठल्या रकान्यात टाकशील? तडवी आजोबा पाच वेळा मशिदीत जात, तेच त्यांचं चालणं-फिरणं आणि तेच माणसांत बसणं. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, सगळी नमाज घरात. दोन-तीन महिन्यांत कितीतरी जणांचे गुडघे आखडले, आणि मशीद उघडल्यावर पायऱ्या चढवेनात. हे दुखणं कोणत्याही कोरोनाच्या नोंदीत सापडणार नाही. १४ मे २०२१ ला तर आखाजी आणि ईद एकाच दिवशी आली. एरवी शिरखुर्म्याची वाटी एका बाजूनं आणि पुरणपोळी दुसऱ्या बाजूनं गेली असती. त्या दिवशी दोन घरच्या म्हाताऱ्या भिंतीच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून मोठ्यानं बोलत होत्या. दोघींनाही कमी ऐकू येतं, आणि त्यात मास्क.

मास्कवरून आठवलं, हे नक्की लिही. कमी ऐकू येणारे म्हातारे समोरच्याचे ओठ बघून अर्धं समजून घेतात. मास्क आला आणि त्यांचं ते अर्धंही गेलं. बँकेत, दवाखान्यात, रेशन दुकानात ते नुसते बघत राहायचे. आणि मोतीबिंदू! शिबिरं बंद, ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकललेली. ज्याला मार्च २०२० मध्ये धूसर दिसत होतं त्याला दीड वर्षानं फक्त उजेड-अंधार कळत होता. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, तो घरात माणसं असूनही एकटा पडतो. हे लेवा, तडवी, कोळी, भिल्ल सगळ्यांत पाहिलं. फरक इतकाच, की पैसेवाल्यांनी वाट मोकळी होताच जळगावला खाजगीत डोळा करून घेतला, मजुराच्या आईला शिबिराची वाट बघावी लागली.

शेतमजूर बायांचं एक. साठी-पासष्टीतल्या बायाही निंदणीला, केळीच्या कामाला जात राहिल्या, कारण शेतीकामाला परवानगी होती. त्यांचा दिवस तुटला नाही, चार बायांत बोलणं राहिलं. पण त्याच दाटीवाटीनं भरलेल्या रिक्षांतून त्या कामावर जात होत्या, त्यामुळे आजारही त्यांच्याच वस्तीत आधी शिरला. तुझ्या ब्रिटनच्या बसड्रायव्हरांसारखंच की हे.

तांड्यावरचा (चाळीसगाव)

सिस्टरांनी सगळं लिहिलंच आहे. आमच्या बंजारा तांड्याचं एवढंच सांगतो की ऊसतोडीची जोडपी मार्च-एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांवर अडकली होती आणि तांड्यात म्हातारे आणि लेकरं. माझी आजी तेव्हा तीन नातवंडांचं करत होती. तिला भीती आजाराची नव्हती. "मला काही झालं तर या पोरांना भाकर कोण देईल," हेच ती रोज बोलायची. स्वतःचा ताप तिनं कोणाला सांगितला नाही. म्हाताऱ्यांची काळजी कोणी घेतली, असं सगळे विचारतात. म्हातारे कोणाची काळजी घेत होते, तेही विचारा.

गुरुजी_धडगाव

ताई, मी पावरा आहे, धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. तुम्हाला मिळालेलं 'बरं होतं' हे उत्तर खरं आहे, पण पूर्ण नाही.

खरं अशासाठी की आमच्याकडे तरणी माणसं दिवाळीनंतर गुजरातेत जातात, कोणी ऊसतोडीला, कोणी बांधकामावर, कोणी सौराष्ट्रात शेतीकामाला. होळीला येतात, पुन्हा जातात. चैत्र-वैशाखात पाड्यावर म्हातारे, लहान पोरं आणि शेळ्या. २०२० ची होळी ९ मार्चला झाली, म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण हातून गेला नव्हता. नंतर टाळेबंदी लागली आणि पोरं मिळेल त्या वाटेनं, बरीच पायी, परत आली. कितीतरी म्हाताऱ्यांना त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मुलगा-सून सलग घरात दिसले. आश्रमशाळेतली नातवंडंही घरी. आमची घरं आपापल्या शेतात, एकमेकांपासून लांब. कोंडून घेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हातारा रोजच्यासारखा शेळ्यांमागे डोंगरात जात होता. केळीपट्ट्यातल्या ओट्यावरच्या आजोबांशी याची तुलना करताना हे ध्यानात घ्या.

अपुरं का, तेही सांगतो. परत आलेला मुलगा रिकाम्या हातानं आलेला होता. मार्च-एप्रिल हा मोहाचा हंगाम. पहाटे मोहफुलं वेचणं हे म्हाताऱ्या माणसांचं मोठं काम, त्यातून त्यांच्या हातात स्वतःचा पैसा येतो. फुलं वेचली, वाळवली, पण आठवडे बाजार बंद, व्यापारी नाही. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे तेव्हा महिन्याला हजार रुपये होते, ते धडगावला बँकेत. जीपा बंद, म्हणजे खात्यावर पैसा आणि म्हातारी डोंगरात. रेशनचं धान्य आलं तर दुकानातल्या यंत्रावर अंगठा उठत नाही. आयुष्यभर कुदळ धरलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. पुढे आदिवासींसाठीची सरकारी खावटीची मदत मिळाली, पण ती यायला वेळ लागला.

आणि मेलेले मोजले गेले का? आमच्याकडे ताप येऊन दोन दिवसांत गेलेल्या किती म्हाताऱ्यांची तपासणी झाली होती? दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीरही देत नाहीत, ही भीती दुसऱ्या लाटेत पाड्यापाड्यावर पसरली. म्हणून लोकांनी म्हातारी माणसं लपवली. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेनंतरच ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले होते. एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावपळ चालली असताना आमचा जिल्हा त्यामुळे तरला, याचा मला अभिमान आहे. ते स्वतः भिल्ल समाजातले, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. नंदुरबारच्या रेल्वे स्टेशनावर विलगीकरणाचे डबे लागले, नर्मदेकाठच्या गावांत लस बोटीनं गेली. तरी घरातून म्हाताऱ्याला बाहेर काढणं हे शेवटी कोणाच्या तरी ओळखीवर, विश्वासावरच झालं. ज्या पाड्यावर पुजाऱ्यानं आधी लस घेतली तिथे म्हातारे रांगेत आले. जिथे तो घाबरला तिथे आम्ही शिक्षक आणि आशा घरोघर हिंडलो तरी दारं लागलेली.

२०२१ ला आमच्याकडे भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीआधीचा जत्रेसारखा बाजार, भरला नाही. म्हाताऱ्या माणसांना ते फार लागलं. होळीचं पाळणं कसं पाळायचं, काय खायचं, काय नाही, ढोल कधी निघायचा, हे तेच सांगतात. त्या वर्षी त्यांना विचारायला कोणी आलंच नाही. २०२० बद्दल विचाराल तर 'बरं' म्हणतील, २०२१ वेगळं विचारा. तुम्ही दोन्ही वर्षं एकाच प्रश्नात घातली आहेत का?

शिवाय, कागद घेऊन आलेल्या शहरी माणसाला आमचे म्हातारे पहिल्या भेटीत 'बरं'च म्हणतात. वयही आधारवरून घेऊ नका, निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. '७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता' हे विचारा, त्यावरून नीट अंदाज येतो.

धुळे_लूम

वडिलांबद्दल लिहितो. त्यांचं अख्खं आयुष्य पॉवरलूमवर गेलं. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं नऊ. हे घर चालतं कारण कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला असतो, झोपायची जागा आळीपाळीनं मिळते. मार्चमध्ये लूम थांबले आणि नऊही जण एकाच वेळी घरात. अब्बा दिवसाचा मोठा भाग मशिदीत आणि चहाच्या हॉटेलावर काढत. ते गेलं. मग ते जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे, सुनांना घरात वावरायला जागा मिळावी म्हणून. रात्री बाहेर खाट टाकावी तर पोलिसांची गाडी. ताई, त्यांना तुम्ही 'एकटं वाटायचं का' विचारलंत तर ते 'नाही' म्हणतील आणि खरंच बोलतील. त्यांना पाठ टेकायला जागा होती का, हे विचारायला हवं होतं.

दुसरी गोष्ट लिहिणं अवघड आहे, पण ती तुमच्या विषयातच येते. एप्रिल २०२० मध्ये तबलिगी मरकजच्या बातम्या दिवसरात्र चालू होत्या. शेजारचे एक चाचा हातगाडीवर केळी-चिकू विकायचे, तीस वर्षांची ठरलेली गल्ली. तिथल्या लोकांनी त्यांना येऊ नका सांगितलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, फक्त दारं लावून घेतली. मी त्यांना त्याआधी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. ती बातमी अब्बांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. चाचांनी एकदाही ऐकली नाही. आजार सगळ्यांना होता, हा संशय सगळ्यांच्या वाट्याला नव्हता. जमातीजमातीत फरक असतो का या तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

आणि सिस्टरांनी दारावर बसण्याचं लिहिलं, ते वाचून जीव भरून आला. आमच्यात मयताला गुस्ल देतात, घरची माणसं आंघोळ घालतात. तेव्हा देता आला नाही. कब्रस्तानात चार-पाच माणसं, तीही लांबून. माझी फुफी (आत्या) आजही विचारते, "भाई को पाक तो किया था ना?"

तापीकाठची (शिरपूर)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, हो, दोन्ही वर्षं एकाच प्रश्नात आहेत, ते आता वेगळं करते. सिस्टर, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ठरावीक गुण देणारी प्रश्नावली सर सोडू देणार नाहीत, उदासीनता मोजायचे पंधरा प्रश्न आहेत त्यात. ते कुठे घालू? आणि बोलताना कोणी रडायला लागलं तर काय करू? फैजपूरला मला काहीच सुचलं नव्हतं.

निवृत्त_सिस्टर (यावल)

ते पंधरा प्रश्न शेवटी घाल, आणि शक्यतो दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत त्यांचा दिवस विचार. कोरोनाच्या आधी सकाळी उठल्यापासून काय-काय करायचात, कोणाकडे जायचात, कोण यायचं. मग त्यातलं काय थांबलं, काय परत सुरू झालं, काय कायमचंच गेलं. स्वतःच्या हातात पैसा कुठून यायचा आणि तो कधी बंद होता. औषध चुकलं का, डोळे-कान कसे होते. त्या काळात तुमच्यावर कोण अवलंबून होतं, हे तांड्यावरच्या दादांनी फार बरोबर सांगितलं. मग मयताचं. धुळ्याच्या भावांनी लिहिलेलं लोकांच्या वागण्याचं सगळ्यात शेवटी, आणि तेही त्यांनी विषय काढला तरच. घरातल्या खोल्या आणि माणसं मात्र सगळीकडे मोजून लिही, म्हणजे पैशाचं कुठे आणि समाजाचं कुठे हे तुला ताडून बघता येईल. माझ्या मते दोन्ही आहे. गुडघे आणि मोतीबिंदूत पैसा दिसेल, मयतात आणि सणात समाज.

बाईमाणसाशी बोलताना सून-मुलगा समोर नको. पाड्यावर एकटी जाऊ नकोस, तिथल्या आशाला बरोबर घे, आणि तिला तिच्या वेळेचे पैसे दे, फुकट फिरवू नकोस.

रडू आलं तर पेन खाली ठेव आणि बसून राहा. पाणी दे. गप्प करू नकोस, विषय बदलू नकोस. फैजपूरच्या ज्या आजी रडल्या त्यांच्याकडे पुन्हा जा, यावेळी कागद नेऊ नकोस. झोप-जेवण तुटलेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं, तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळव आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर घरच्यांच्या मोबाईलमध्ये घालून दे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे, पेन्शन अडली असेल तर तिथे विचारता येतं.

तडव्यांचा रकाना वेगळा ठेव. प्रश्न नव्यानं मांडून झाले की इथे टाक, मी आणि गुरुजी बघून घेऊ.